सिस्टरचे दोन फिल्टर

सिस्टरना कुणीही पाणी दिलं की त्या आधी पेला उजेडाकडे धरायच्या. लग्नघर असो नाहीतर हेडमास्तरांची बैठक, त्यांना फरक पडत नसे. पितळी फुलपात्र पुढे आलं तर काचेचा पेला मागून घ्यायच्या. मग एक डोळा बारीक करून, पेला हळूहळू फिरवत तळाशी काय बसलंय ते बघायच्या आणि बहुतेक वेळा तसाच खाली ठेवायच्या. यजमानीण ओशाळायची. "राग मानू नका, मला तहानच नाही," असं म्हणून पाच मिनिटांनी पिशवीतली स्वतःची बाटली काढायच्या आणि तिच्यासमोरच घटाघटा प्यायच्या. लोणावळ्यात अशी बरीच घरं होती, जिथून सिस्टरना चहाचं दुसरं बोलावणं कधी गेलं नाही. पण घरात ताप शिरला की त्याच घरांतून पहिलं बोलावणं त्यांना जायचं.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. वराळ्यातल्या शेतकऱ्याघरची मी, शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागलेली. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. पोरांना भूगोल शिकवायची, भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवायची, आणि समुद्र मात्र मी जन्मात पाहिला नव्हता. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पावसाळा लागला की तिथल्या खाटा हगवण, कावीळ आणि विषमज्वरानं भरायच्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका घरातली तीन भावंडं आठवड्याभरात गेलेली पाहिली होती. तिघंही एकाच आडाचं पाणी पीत होती. त्या मुलांची नावं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. "उजेडात नापास झालेलं पाणी पोटात पास कसं होईल?" असं त्या विचारायच्या, आणि उजेडात पास झालेलंसुद्धा आधी उकळायच्या, मग गाळायच्या.

त्यांचा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आणायला मी त्यांच्याबरोबर पुण्याला बोहरी आळीत गेले होते. मुलीसाठी स्थळ बघावं तशी त्यांनी दुकानदाराची उलटतपासणी घेतली. पितळेचा नको, आतलं दिसत नाही. स्टीलचा नको, नळ हलतो. शेवटी पांढऱ्या चिनी मातीचा, एकावर एक दोन भांड्यांचा, आत मेणबत्तीसारखी कँडल असलेला फिल्टर त्यांनी निवडला. "वरचं पाणी खाली यायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं. "सकाळी भरा बाई, संध्याकाळी प्या," दुकानदार जरा लाजतच म्हणाला. "मग हाच द्या. घाईनं गाळतो तो काय गाळणार?" लोणावळ्यापर्यंत गाडीत तो त्यांच्या मांडीवर होता.

घरी आल्यावर त्यांनी परीक्षा मांडली. एका पेल्यात वाळू-कोळशाच्या मडक्यांतून गाळलेलं पाणी, दुसऱ्यात नुसतं उकळलेलं आणि तिसऱ्यात नव्या फिल्टरचं. "चव घेऊन सांग, कुठलं चांगलं?" मी तिन्ही प्यायले आणि खरं तेच बोलून बसले. "आमच्या वराळ्याच्या विहिरीचं!" त्यानंतर दोन दिवस सिस्टर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांचे वडील आले. सिस्टर मूळच्या अलिबागकडच्या कोळीवाड्यातल्या. आई गेलेली, भाऊ नाही. वडिलांना सगळे नाखवा म्हणत, कारण त्यांची स्वतःची होडी होती. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि सिस्टरनी त्यांना एसटीत घालून घाट चढवून वर आणलं. बोलणंही जवळजवळ गेलं होतं. चारपाच शब्द तेवढे तोंडात उरले होते : खारं, गोडं, चल, नको, विहीर. खिडकीजवळच्या खाटेवर ते पडून असत आणि उजेडाकडे पाठ करून भिंत बघत.

त्यांचं पाण्याशी भांडण होतं. सिस्टर फिल्टरचं पाणी चमच्यानं भरवायला गेल्या की ते ओठ घट्ट मिटायचे. "विहीर," एवढंच म्हणायचे. त्यांच्या अंगणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक विहीर होती. तिचं पाणी थोडं मचूळ. सत्तर वर्षं तेच प्यायलेला माणूस. सिस्टरनी घाटाखाली जाऊन ते पाणी आणलंसुद्धा. पण आणल्यावर उकळलं, आणि उकळल्यावर फिल्टरमध्ये ओतलं. नाखवांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि गालावरून ओघळू दिला. त्यांचे ओठ तडकायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, पोटात पाणी जायलाच पाहिजे. अशा पेशंटचं पुढं काय होतं ते सिस्टरना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्यांनी समुद्र वर आणायचं ठरवलं. मला आधी ही थट्टा वाटली. पण त्यांनी लोखंडी चौकट करवून घेतली, तिला जाड काचा बसवून घेतल्या आणि पेटी खाटेसमोर टेबलावर ठेवली. औषधांचे रिकामे काचेचे बुधले आठ-आठ वेळा धुऊन त्या अलिबागला गेल्या. परत येताना कंडक्टरनं विचारलं, "बाई, ह्यात काय?" "समुद्र." तो म्हणाला, "मग नीट धरा. सांडला तर खोपोली बुडंल." त्या पाण्याबरोबर खडपातल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांतले बोटाएवढे मासे आले, पिवळसर अंगाचे, काळ्या पट्ट्यांचे. शंखात राहणारा एक खेकडा आला. मुंबईहून हवेचा छोटा पंप आला.

राहिला होता माशांचा फिल्टर. मुंबईच्या दुकानातल्या सगळ्या तऱ्हा त्यांनी वहीत चित्रं काढून आणल्या होत्या आणि त्यातली एकही पसंत नव्हती. "कँडलमधून मीठ जातं का गं?" "मीठ गाळलं जात असतं तर कोकणात विहिरी कशाला खणल्या असत्या?" अशी आमची चर्चा आठवडाभर चालली. मला त्यात फार मजा यायची. शेवटी एका मोठ्या बरणीत वाळू आणि कोळसा भरून, पंपाच्या हवेनं पाणी त्यातून फिरेल अशी रचना त्यांनी केली.

पंप सुरू झाला, बुडबुडे निघाले, आणि नाखवांनी मान वळवली. भिंतीकडची मान पेटीकडे! एक मासा काचेशी आला, नाखवांचा डावा हात थोडा उचलला गेला. सिस्टरनी ती संधी साधून चमचा पुढे केला. मासे बघता बघता त्या माणसानं अर्धा पेला फिल्टरचं पाणी घेतलं. सिस्टर स्वयंपाकघरात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. "पाणी घेतलं गं," त्या म्हणाल्या.

पण मासे टिकेनात. चार दिवस झाले की एक उलटा तरंगायचा, मग दुसरा. त्या दिवशी नाखवा पुन्हा भिंतीकडे वळायचे आणि ओठ मिटायचे. सिस्टर खाली जाऊन नवे मासे आणायच्या, तेही जायचे. त्यांनी पेटीला दवाखान्यातल्यासारखा तक्ता टांगला होता. पाणी किती गार, खाणं किती, हालचाल कशी, सगळं सकाळ-संध्याकाळ लिहायच्या. दोष आधी पंपाला दिला, मग शेजारच्या घरातल्या बिडीच्या धुराला. स्वच्छतेला दोष द्यायचं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. दर रविवारी त्या दोन्ही फिल्टर उघडायच्या. कँडल मऊ ब्रशनं घासून उकळायच्या आणि त्यानंतर माशांच्या बरणीतली वाळू त्याच पातेल्यात रटरटा शिजवायच्या.

अशा एका रविवारी ठमाबाई मोळी घेऊन आली. कुसगावच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी होती, तिथली ही. मोळी टाकून पाणी प्यायला टेकली आणि चुलीवरचं पातेलं बघून उठून उभी राहिली.

"आवो बाई, वाळू शिजवताय व्हय?"

"माशांची आहे. बुळबुळीत होते, घाण बसते तिच्यावर. ती मारायला नको?"

"आन् मासं?"

"मासे मरतात," मी मधेच म्हणाले. सिस्टरनी माझ्याकडे डोळे वटारले.

ठमाबाई हसली नाही. "आमच्या वड्यात बुळबुळीत दगड आसत्यात ना, तितंच मासं न् खेकडं ऱ्हात्यात. नव्या कोऱ्या दगडापाशी न्हाई थांबत. तुमी त्यांचं घरच उकळून काडताय."

"ती घाण आहे, ठमाबाई."

"आसंल. पन त्यांची हाय न्हवं?"

मी पेटीचा तक्ता काढून आणला आणि सिस्टरनी आणि मी मिळून मागचे तीन महिने बघितले. प्रत्येक मृत्यू रविवारनंतर चार दिवसांच्या आत होता. नर्सनं स्वतःच्या हातानं लिहिलेला तक्ता. त्याला नाही कसं म्हणणार? पुढच्या रविवारी त्यांनी फक्त कँडल घासली. बरणीकडे पाठ करून बसल्या, पण ब्रश हातातून सुटत नव्हता. महिनाभरात वाळूवर तपकिरी साय धरली. सिस्टर तिच्याकडे नाक मुरडून बघायच्या आणि मासे मजेत पोहायचे. विजेचा पंप पावसाळ्यात बंद पडायचा, तेव्हा आम्ही सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिला नळी जोडायचो आणि थोडी थोडी हवा पाण्यात सोडायचो.

नाखवांना काम मिळालं ते त्यानंतर. पेटीतलं पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागे. किती घालायचं हे नाखवा ठरवायचे. सिस्टर पेटीतलं पाणी बोटावर घेऊन त्यांच्या जिभेला लावायच्या. ते डोळे मिटायचे. "खारं," म्हणाले की पिण्याच्या फिल्टरमधलं एक भांडं ओतायचं. "गोडं," म्हणाले की हात आवरायचा. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. मासे त्यानंतर दीड वर्ष जगले, आणि नाखवाही.

तरी संध्याकाळी, पंपाच्या आवाजात, ते मधेच म्हणायचे, "विहीर." सिस्टर चटकन उठून काहीतरी काम काढायच्या. दर दोन महिन्यांनी समुद्राचं पाणी आणायला त्या त्याच अंगणातून जायच्या. एकदा मी धीर केला. "सिस्टर, एकदा तसंच आणा ना ते पाणी. न उकळता. एक लोटाभर." त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "मासा आणि माणूस एक नाही, अगं. त्या तीन पोरांची आई पण म्हणायची, आमच्या आडाचं पाणी गोड आहे." आजही मला वाटतं, त्यांचं चूक नव्हतं. पण नाखवा "विहीर" म्हणाले की त्या खोलीत थांबवत नसे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी नाखवा गेले. पेटीकडे तोंड होतं. सिस्टर कामावर होत्या, मी शाळेत. उशाशी फिल्टरच्या पाण्याचा पेला होता, भरलेला.

तेरावा झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चल. हे ज्याचं त्याला परत देऊन येऊ." मासे आणि खेकडा बुधल्यांत घालून आम्ही एसटीनं घाट उतरलो. मी समुद्र पाहिला तो असा, मांडीवर त्याचाच एक बुधला घेऊन. फळ्यावर काढायची त्यापेक्षा फारच मोठा होता. खडपातल्या डबक्यात सिस्टरनी बुधला तिरका केला. मासे क्षणभर तिथंच घुटमळले आणि दगडाखाली शिरले.

मग आम्ही त्यांच्या बंद घराच्या अंगणात गेलो. विहिरीवर पोहरा होता. सिस्टरनी पाणी शेंदलं आणि पोहरा कठड्यावर टेकवला. मी सवयीनं पिशवीतला काचेचा पेला काढून पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ओंजळ भरली आणि न बघता तोंडाला लावली. "मचूळ आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ओंजळ भरली. मीही प्यायले. वराळ्याच्या विहिरीची सर नव्हती, पण चव होती.

लोणावळ्याला परतल्यावर सिस्टर रोज सकाळी माझ्या दाराशी यायच्या. "पोट कसं आहे?" "छान आहे." "ताप?" "नाही." असे आठ दिवस गेले, दहा गेले. पंधराव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी वेणी घालत होते.

"पोट?"

"उत्तम आहे, सिस्टर. तुमचं?"

"माझंही," त्या म्हणाल्या. "आपल्याला काहीच झालं नाही, नाही का गं?"

मी मान हलवली. सिस्टर उंबऱ्यावर खाली बसल्या. वडील गेले त्या दिवशीही मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाशी घेऊन त्या रडू लागल्या आणि रडता रडता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"एक लोटा मागत होता गं तो. एकच लोटा."