दोनदा वाहिलेली श्रद्धांजली

सुनंदा गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा ती खोटी होती, तेव्हा मी पानभर लिहिलं. दुसऱ्यांदा खरी होती, तेव्हा आमच्या दहावीच्या ग्रुपवर जेमतेम सहा-सात जणांनी हात जोडले, कारण बाकीच्यांची श्रद्धांजली आधीच वाहून झाली होती. माझीही. पाच आठवड्यांनी आज लिहायला बसले आहे ते तिचं कौतुक करायला नव्हे. ते मी एकदा केलंय, आणि त्याचं पुढे काय झालं तेच सांगायचं आहे.

सोनईच्या शाळेत आम्ही पाचवीपासून एका बाकावर. ती लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला गेली, मी नोकरीपायी नगरला स्थिरावले. नवरा वारल्यावर तिनं घराच्या पडवीत पिठाची गिरणी टाकली आणि वीस वर्षं एकटीनं चालवली. त्या घरघरीवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा चढला होता की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. लांब धरता धरता मी तो उचलायचाच सोडला... खोटं कशाला बोलू? ग्रुप निघाला तेव्हा तर माझी सोयच झाली. सकाळी फुलाचं चित्र, तिच्या लेकीच्या लग्नाच्या फोटोंना बदाम, वाढदिवसाला केक. चहा गार व्हायच्या आत मैत्री निभावून व्हायची. तिला टाइप करायचा कंटाळा, ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, “मंगे, हाय का मेलीस?” आणि मी अंगठा पाठवायची.

आमच्या ग्रुपात कुणी गेलं की ते सगळ्यांच्या आधी कोण टाकतं, याची चुरस असते. अ‍ॅडमिन बाळासाहेब, आमच्याच वर्गातला, त्याच्या मोबाईलमध्ये हार घातलेली रिकामी चौकट तयारच ठेवतो. आत फोटो तेवढा बसवायचा. सुनंदाच्या किडन्या दोन वर्षांपासून कामातून गेल्या होत्या. त्या दिवशी तिला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात हलवलंय, ‘आता काही खरं नाही’ असं त्याच्या कानावर आलं आणि त्यानं चौकट भरून टाकली. घरी फोन करून विचारावं असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. अर्ध्या तासात पन्नास ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडल्या. मी तिची जिवाभावाची मैत्रीण, म्हणजे माझी सर्वांत लांब हवी. ‘दर रविवारी आमचं तासभर बोलणं व्हायचं. तिच्या आजारपणात मी सावलीसारखी सोबत होते. माझ्या प्रत्येक सुखदुःखात ती...’ लिहिताना मी खरोखर रडले. लोकांनी वाहवा केली, ती मी पुन्हा पुन्हा उघडून वाचली. चौथ्या दिवशी ग्रुपवर तिचा आवाज आला, “समद्यांचं वाचलं. लई ग्वाड लिवलंय. मी हाय अजून.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रजा टाकून मी देवळालीला गेले. लाज वाटत होती, पण ती माझी लबाडी ग्रुपवर काढील ही भीती त्याहून मोठी होती. तिची लेक वैशाली आईच्या दुखण्यासाठी माहेरी येऊन राहिली होती. सुनंदा कॉटवर, पाय सुजून टम्म झालेले. शिव्या घालील म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते, तर तिनं माझ्या हातात आपला मोबाईल दिला. “वाच. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई.” चष्मा तिच्या उशाशीच होता. मी वाचायला लागले.

“दर रविवारी आमचं...”

“कवाच्या रविवारी?”

मी मोबाईलवर बोट वर सरकवलं.

“फुडं वाच.”

“तिच्या आजारपणात मी सावलीसारखी...”

“आठवड्यातनं दोनदा नगरला येत हुते मी, रगत धुवायला. तुझ्या घरापासून रिक्षानं धा मिनिटं. चार-चार तास नुसतं पडून ऱ्हायाचं. दार वाजलं की बघायची, मंगी आली का म्हनून.”

माझे डोळे भरून आले. “आता नगं रडू,” ती म्हणाली, “मी मेले तवा रडलीस की.” वैशाली हसली, तीही हसली, आणि मला त्या हसण्यात सामील व्हायची हिंमत झाली नाही. निघताना तिनं माझं मनगट धरलं. “रविवारी येती?” “येते.” “दर रविवारी?” “दर रविवारी,” मी म्हणाले. तेव्हा ते मी अगदी मनापासून म्हणाले होते.

त्या रविवारी शिर्डीला आमच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं, महिन्यापूर्वी ठरलेलं. देवळालीचा फाटा आला तेव्हा गाडीत मी म्हटलं, येताना उतरू. दर्शन झालं, हॉटेलात जेवणं झाली, आणि बाळासाहेबाच्या कल्पनेनं सगळ्यांनी मिळून व्हिडिओ केला, “लवकर बरी हो, सुनंदा!” मी पहिल्या रांगेत होते, आवाजही माझाच मोठा. येताना सगळ्यांना घरची घाई लागली होती. फाटा आला आणि गेला. मी गाडी थांबवा म्हणाले नाही. मी तिच्या नंबरवर पाठवलेला व्हिडिओ तिनं पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसल्या. मंगळवारी सकाळी ती गेली. वैशालीनं फोन करून सांगितलं आणि मी तिला विचारलं, “नक्की का?”

दशक्रिया प्रवरेकाठी झाली. आमच्याकडे आधी प्रवचन, मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. मयताला ज्यांनी कधी पाहिलं नाही ते पुढारी सर्वांत जास्त बोलतात. मी मागे बसले होते. वैशालीनं घडी घातलेला कागद आणून दिला. “मावशी, आईनं सांगितलंय, तुमी हेच वाचायचं. बाकी काय बोलायचं न्हाई.” माझीच श्रद्धांजली होती. मी गुरुवारी निघून गेल्यावर सुनंदानं ती लेकीकडून कागदावर उतरवून घेतली होती आणि पेन्सिल घेऊन बसली होती. रविवारचं बोलणं खोडलेलं. सावली खोडलेली. सुखदुःखं खोडलेली. पानभरातून तीन वाक्यं उरली होती: आम्ही एका बाकावर बसायचो. तिनं मला सायकल शिकवली. तिचा आवाज मोठा होता. आणि खाली तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक नवं वाक्य घातलं होतं, ‘मंगल उशिरा आली, पण मग शेवटपर्यंत दर रविवारी आली.’

व्यासपीठावर जाऊन तीन वाक्यं वाचली आणि मी अडखळले. माझा एकेक खोटा शब्द वेचून काढणारीनं हे वाक्य गुरुवारीच लिहून ठेवलं होतं, माझ्या भरवशावर. माईक चालू होता, चारशे माणसं बघत होती... मी ते वाचलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाळासाहेब मोबाईलवर शूटिंग करत होता.

खाली उतरले तर समोर वैशाली. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला.

“त्या रविवारी दुपारधरनं दारात खुर्चीवर बसवली हुती तिला, मावशी,” ती म्हणाली. “तुमचा व्हिडिओ आला तवाबी ती तिथंच हुती.”