बिस्किटांचा वास आला की उतरा

माझ्या सासऱ्यांच्या मते मुंबईच्या उपनगरांत माणूस हरवूच शकत नाही. हरवलाच, तर दोष मुंबईचाही नाही आणि त्या माणसाचाही नाही; दोष त्याला वाट सांगणाऱ्याचा. जगातली सगळी भांडणं, भाऊबंदकीपासून थेट लढायांपर्यंत, कुणीतरी कुणाला तरी वाट धड न सांगितल्यामुळे झाली आहेत, असं ते बशीत चहा ओतता ओतता इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणाऱ्याला घटकाभर पटूनही जातं.

अण्णा भूगोलाचे प्राध्यापक. अंधेरी पूर्वेच्या ज्या कॉलेजात मी आज शिकवतो, तिथेच त्यांची नोकरी झाली. निवृत्त होताना त्यांनी कपाटाची किल्ली परत केली, पृथ्वीचा गोल परत केला, पण एक काम काही सोडलं नाही. कॉलेजात परिषद भरायची असली की बाहेरगावच्या अभ्यासकांना आगाऊ पाठवायचं 'पाहुण्यांसाठी स्थानिक माहिती' हे पत्रक तेच लिहीत. इतर कॉलेजांच्या अशा पत्रकात स्टेशनाचं नाव, हॉटेलाचं नाव आणि 'रिक्षा मिळतात' एवढं असतं. अण्णांचं पत्रक अंथरुणावर पडून, उशीला टेकून वाचायची चीज. 'पूर्व आणि पश्चिम इथे सूर्यावरून ठरत नाहीत, रुळांवरून ठरतात. तेव्हा आकाशाकडे पाहून गोंधळू नये.' 'रिक्षावाला नाही म्हणाला तर मनाला लावून घेऊ नये. तो तुम्हाला नाही म्हणत नाही, तुमच्या दिशेला म्हणतो.' 'जेवणानंतरच्या सत्रात डोळे मिटू लागल्यास मागच्या दाराने बाहेर यावं. बदामाच्या झाडाखाली बाक आहे. वारा खाडीकडून येतो.' या शेवटच्या सूचनेवरून त्यांना एकदा प्राचार्यांनी बोलावून घेतलं होतं. नंतर दोघेही त्याच बाकावर बसलेले दिसले.

पत्रकातलं प्रत्येक वाक्य अण्णा आधी चालून बघत. जुने नकाशासंग्रह कोंबलेली एक चाकांची बॅग ते घरून घेऊन निघत, कारण रिकाम्या हाताने चालणाऱ्याला पाहुण्याचं दुःख कळत नाही. बरोबर सासूबाई. त्यांची भूमिका पाहुण्याच्या पत्नीची. त्यांना जिथे तहान लागे तिथे पाण्याची सोय शोधायची, त्या जिथे 'अजून किती लांब हो?' म्हणत तिथे पत्रकात 'आता जवळच आहे' असं लिहायचं. एकदा हॉटेलवाल्यांनी या जोडप्याला खरेच पाहुणे समजून हार घालून सरबत दिलं. दोघेही ते मुकाट्याने प्याले, आणि त्या वर्षीच्या पत्रकात 'स्वागत चांगलं, सरबत पातळ' अशी नोंद आली. माझ्या बायकोला हे सगळं लाजिरवाणं वाटे. मला मात्र हातात बॅग घेतलेले ते दोघे रस्त्यात दिसले की आपलंच शहर क्षणभर परगावासारखं, नवंनवं वाटायचं.

पत्रकाचा शेवटचा परिच्छेद ठरलेला. 'परिषद संपली की लगेच परतू नये. मार्वेच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे मनोरीला जावं. तिथे बघण्यासारखं विशेष काही नाही. बसावं.' माझ्या आठवणीत एकही अभ्यासक कधी गेला नाही. प्रमाणपत्र हातात पडलं की माणसं विमानतळाच्या दिशेने पळत सुटत. अण्णा दर वेळी आपल्या कोकणातल्या बोलीत विचारत, 'काय हो जावईबापू, यंदा कोण गेलेलं मनोरीक?' मी नाही म्हटलं की म्हणत, 'जातील. घाई कसली आसा?'

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या परिषदेचा निमंत्रक नेमका मीच होतो. अण्णांकडून पत्रक आलं, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या वळणदार अक्षरात. बायको म्हणाली, 'अरे, अण्णा कुठे बाहेर पडतात हल्ली? दिंडोशीच्या घरातून खालच्या फाटकापर्यंत जात नाहीत.' मी अण्णांना विचारलं, तर म्हणाले, 'परवाच सगळं बघून आलो की!' आणि नजर पंख्याकडे. पत्रक मी वाचलं, बायकोने वाचलं, ऑफिसातल्या क्लार्कने टाइप केलं. त्यात लिहिलं होतं, 'घाटकोपरकडून रिक्षाने येताना बिस्किटांचा वास आला की उतरा. कॉलेज समोरच आहे.' आम्हां कुणालाच काही खटकलं नाही. बिस्किटांचा तो कारखाना बंद पडून, पाडून, तिथे उंच इमारत उभी राहून किती वर्षं झाली होती. पण आम्ही त्या थांब्याला अजून 'बिस्किट कंपनी'च म्हणतो, आणि तसं म्हटलं की आमच्या नाकात तो गोडसर, भाजका वास येतोच. तो परक्या माणसाला येणार नाही, हे सुचायला आम्ही परके कुठे होतो? परकं होऊन चालणाऱ्या सासूबाई असत्या, तर 'कुठे येतोय वास?' असं त्यांनी तिथेच विचारलं असतं.

पत्रकात यंदा एक नवं वाक्यही होतं. 'वाट चुकल्यास दिंडोशीला माझ्याकडे यावं. मी घरीच असतो.' खाली पत्ता.

बीजभाषणाला विदर्भातल्या एक वयस्क बाई यायच्या होत्या. भाचीकडे घाटकोपरला उतरल्या होत्या. सकाळी सभागृह भरलं, समई पेटली, स्वागतगीत झालं, पुन्हा झालं, आणि बाईंचा पत्ता नाही. फोन लागेना. प्राचार्य माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की मला मागच्या दाराचा बाक आठवू लागला. तिकडे बाई रिक्षात बसून नाक वर करून चालल्या होत्या. रिक्षावाला विचारत होता, 'मॅडम, किधर रोकू?' आणि त्या म्हणत होत्या, 'वास आला की सांगते ना, बाबा!' वास आला तो डिझेलचा, मग उघड्या नाल्याचा, मग हमरस्त्याचा. शेवटी त्यांनी पर्समधून पत्रक काढलं, शेवटून वाचलं आणि रिक्षा दिंडोशीला वळवली.

अण्णांनी दार उघडलं ते गंजीफ्रॉकात. बाईंनी पत्रक पुढे केलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही लिहिलंत ना? मी चुकले.'

मग अण्णा निघाले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच, घाईघाईने सदरा चढवून, आणि सवयीने ती बॅगही हातात घेऊन. रिक्षा बिस्किट कंपनीपाशी आली तेव्हा त्यांनी थांबवली. उतरले. त्या काचेच्या इमारतीकडे मान वर करून पाहत राहिले. बाई मला नंतर सांगत होत्या, की ते पुन्हा पुन्हा नुसता श्वास ओढून बघत होते.

बीजभाषण उशिरा झालं, पण छान झालं. मी बाहेर आलो तर अण्णा बदामाखालच्या बाकावर, शेजारी बॅग. सांगायला हवं की तो बाक अजून होता. 'जावईबापू,' ते म्हणाले, 'माका आता लिहूक सांगू नकात. मी लोकांना नसलेल्या गावाची वाट सांगतंय.' एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि पुसलाच नाही. मला फार वाईट वाटलं. या माणसाचं पत्रक गेलं तर मागे काय उरेल, ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. पंख्याकडे बघणारा एक म्हातारा उरेल.

तेवढ्यात बाई हातात चहाचा कप घेऊन आल्या. 'मनोरीचं काय?' त्यांनी विचारलं. 'तेही गेलं का बिस्किटांसारखं?'

अण्णांनी हातातला चष्मा पुन्हा चढवला. 'ठाऊक नाही,' ते म्हणाले. भूगोलाच्या प्राध्यापकाच्या तोंडून हे शब्द मी प्रथमच ऐकत होतो. 'बघावं लागेल.'

परिषद संपल्यावर आम्ही गेलो, अण्णा, बाई, मी आणि ऐन वेळी 'मीपण येते' म्हणून निघालेली बायको. मार्वेच्या धक्क्यावर होडी होती. एका स्कूटरच्या आणि माशांच्या टोपल्यांच्या मधे आम्ही उभे राहिलो. उन्हं कलली होती, खाडीचं पाणी तांबूस झालं होतं. पलीकडे माड होते, क्रूस होता, दारात सुकट निवडत बसलेली एक म्हातारी होती. तिने अण्णांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, 'आज एकटेच? बाई कुठंय तुमची?'

अण्णांनी आम्हां सगळ्यांकडे एकदा पाहिलं. 'ती पुढे गेली,' ते म्हणाले. मग किनाऱ्यावर जाऊन त्यांनी ती बॅग आडवी घातली आणि तिच्यावर एका कडेला बसले, दुसरी कडा मोकळी ठेवून. विदर्भातल्या बाई जरा दूर वाळूतच बसल्या. बघण्यासारखं विशेष काही नव्हतं. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो.

अण्णा हल्ली पुन्हा बॅग घेऊन फिरतात. बायको आता त्यांच्याबरोबर जाते आणि कुठे तहान लागली ते सांगते. यंदाचं पत्रक कालच माझ्या हाती आलं. त्यात लिहिलं आहे, 'समोर काचेची उंच इमारत दिसली की उतरा. इथे पूर्वी बिस्किटांचा वास येत असे. आता येत नाही. तरी क्षणभर थांबावं.'

मी रोज तिथूनच जातो. थांबतो.