सुरतेहून आलेला चोर

यजमान गेले त्याला आठ महिने झाले होते. त्यांचं ईमेल खातं मी त्यांच्या टॅबवर चालूच ठेवलं होतं, कारण सोसायटीच्या नोटिसा, विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, सगळं त्यावरच यायचं.

एका शनिवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या घरी मेथी निवडत बसले होते. टॅब वाजला. खात्यात नव्या मोबाइलवरून प्रवेश झाला आहे, ठिकाण सुरत. खाली प्रश्न, हे तुम्हीच होतात का?

सुरतेत आमचं कोणी नाही, यांनी तिथली साडीसुद्धा कधी आणली नाही. गेलेल्या माणसाच्या पत्रांत कुणी परका हात घालतोय, हे मला सहनच होईना. बँकेत मी तीस वर्षं सह्या तपासल्या. सही जुळली नाही की चेक परत, विचारपूस नंतर. त्याच सवयीनं ‘नाही’ दाबलं.

खातं सगळीकडून बंद झालं. आता म्हणे, त्यांच्या मोबाइलवर पाठवलेला आकडा टाका. तो नंबर मीच दोन महिन्यांपूर्वी बंद केला होता, उगाच कशाला ठेवायचा म्हणून. असो, चोर तर हाकलला. मोठ्या तोऱ्यात विश्रांतवाडीला मुलीला फोन लावला.

ती म्हणाली, “आई, ती मी होते. काल नवा फोन घेतला.”

“तू सुरतेला कधी गेलीस?”

“मी घरीच आहे गं. ते ठिकाण अंदाजानं दाखवतात. इंटरनेटवाल्यांची नोंद जिथली असेल तिथलं. नेहमी चुकतं ते.”

एवढ्या मोठ्या कंपनीनं ठामपणे लिहिलेलं गाव, आणि तो अंदाज? सही अंदाजानं जुळवली असती तर मला घरी पाठवलं असतं.

“पण तुला बाबांचं खातं कशाला लागतं?”

“त्यांनी मला लिहिलेली पत्रं आहेत त्यात. पाठवलीच नाहीत कधी, तशीच ठेवलीत. दर शनिवारी एक वाचते.”

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पत्रं लिहितो, एवढंही मला कळलं नव्हतं.

ती तासाभरात आली. दोघींनी जमेल ते सगळं करून पाहिलं. पुढे कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, खातेदारानं स्वतः ओळख पटवावी.

“मला सांगायचं तरी,” मी म्हणाले.

“तू एका दुपारी सगळी वाचून काढली असतीस. मला ती संपवायची नव्हती.”

“किती राहिली होती?”

“मोजलीच नव्हती,” ती म्हणाली.