लाख वाती आणि स्कूल

वाईहून निघाले त्या सकाळी आईने ओटी भरली आणि डोळ्यांना पदर लावला. बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांनी माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली एक जाडजूड इंग्रजी कोश सरकवला. म्हणाले, "फुरसत कुणी देत नसतं, पोरी. काढावी लागते."

माहेरच्यांनो, पोर काशीला पडली, घरबसल्या पुण्याईची चंगळ, असं तुम्हाला वाटलं. आधी दोन घागरी घेऊन इथल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून बघा! सासरी मराठी होती, पण भाजीला तरकारी म्हणणारी. पहिलं वर्ष मी घुश्शातच काढलं.

सासूबाईंनी लक्ष वातींचा संकल्प केला होता. दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतल्या मराठी बायका कापूस घेऊन आमच्या दालानात वाती वळायला जमत. हात गुंतलेले, डोळे मोकळे. एके दिवशी मी खांबाला पाटी टेकवली आणि 'ग' काढला. दोन वर्षांत पाच जणी वाचू लागल्या. शेजारच्या यमुनाकाकूंनी, वयाच्या पन्नाशीत, भावाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. बायका कौतुकाने आमच्या बैठकीला 'स्कूल' म्हणू लागल्या, आणि तेच मामंजींच्या कानावर गेलं.

सगळ्यांसमोर ते गरजले, "सूनबाई, ये सब उद्यापासून बंद! वाती वळायच्या आणि चुपचाप घरी जायचं. स्कूल म्हणे! रिकामटेकड्यांचे धंदे!"

मी आत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? मग रागाने कोश काढला. एवढं काय असतं त्या स्कुलात, ते तरी बघू. शब्द निघाला ग्रीकांचा, आणि मूळ अर्थ फुरसत! कामातून सुटलेले लोक बसून बोलत, ती फुरसत. पुढे ते बोलणं, आणि मग बोलायची जागा, ते स्कूल.

पदर डोक्यावर घेऊन बाहेर आले. मामंजींपुढे तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, "मामंजी, भावोजींना ज्या स्कुलात घालायला तुम्ही साहेबाच्या बंगल्यावर खेटे घातलेत, त्या शब्दाचा अर्थच फुरसत आहे. रिकामटेकड्यांनीच काढलंय ते."

मामंजी लालबुंद. तेव्हा कापसातून मान वर न करता सासूबाई म्हणाल्या, "गंगेत उभं राहून संकल्प केलाय मी. लाख पुऱ्या झाल्याशिवाय एकही बाई इथून उठायची नाही." गंगेत केलेला संकल्प मामंजी कसा मोडणार?

त्याला नऊ वर्षं झाली. लाख अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. सासूबाई मोजताना दर वेळी चुकतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. दालानात पाटीपुढे आता एकवीस जणी बसतात.

आई, तू प्रत्येक पत्रात विचारतेस, घरी कधी येतेस? तुझी आठवण रोज येते. पण दुपारी जेवणं झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी घरीच असते गं. तरी येईन. वाती पुऱ्या झाल्या की येईन.