तांदळात लिहिलेलं नाव

राजाजीनगरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, मिलिटरीवाले खंडोजीराव कुठे राहतात, तर तो घर दाखवील आणि न विचारता एक माहितीही पुरवील: हा माणूस बायकोच्या आधी जेवत नाही. बावन्न वर्षांत एकदाही जेवलेला नाही. बायका हे कौतुकानं सांगतात आणि पुरुष जरा खालच्या आवाजात, कारण त्यांच्या घरी हे उदाहरण रोज दिलं जातं.

खंडोजीराव आता पंच्याहत्तरीचे आहेत. उंची बेताची, मिशी मात्र उंचीच्या मानानं बरीच. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि फौज परत गेली तरी इथंच राहिले. तेव्हापासून घरात मराठी आणि दारात कन्नड असा कारभार. वडील शिंपीकाम करायचे. मुलानंही मशीनवर बसावं अशी त्यांची इच्छा होती, पण अठराव्या वर्षी हा पठ्ठ्या भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पंधरा वर्षं सैन्यात काढली, मग वीसेक वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर. आता पूर्णवेळ आजोबा.

जेवणाच्या नियमाशिवाय त्यांच्या आणखी दोन सवयी आहेत. दुपारी बाहेरून आले की स्वतः घोट घेण्याआधी बायकोला पाण्याचा तांब्या नेऊन देणार. आणि रोज संध्याकाळी दारातल्या सगळ्या चपला-बूट उलटे करून तळवे तपासणार, खडा अडकला असेल तर काढणार. नात भूमिका हिच्या शाळेच्या बुटांना वरून पॉलिश तिचे वडील करतात, खालची बाजू अज्जाकडे, म्हणजे आजोबांकडे असते.

बायकोचं नाव भाग्यलक्ष्मी. गल्लीला ती भाग्याक्का. खंडोजीराव तिला सरळ ‘भाग्या’ म्हणून हाक मारतात, तीही रस्त्याच्या टोकाला ऐकू जाईल अशी. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं कपाळाला हात लावला होता. सून आधी जेवते, मुलगा बाजूला उभा राहतो, हे कुठलं शास्त्र म्हणून तिनं विचारलं. ‘मिलिटरीचं,’ एवढंच उत्तर मिळालं, आणि मिलिटरीपुढे बोलायचं कुणी?

मिलिटरीत ते लॉरी चालवत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते खरं नव्हतं. खंडोजीराव सैन्यात होते, एकाहत्तरच्या लढाईतही होते, पण लॉरीचं चाक त्यांनी जन्मात धरलं नव्हतं. ते खेचरवाले होते. जिथं लॉरी जात नाही अशा डोंगरांत दारूगोळा आणि पीठ-मीठ खेचरांच्या पाठीवरून चढवायचं, हे त्यांचं काम. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईनं विचार केला, मुलगा खेचर हाकतो म्हटलं तर कोण मुलगी देईल? तिनं आनेकलच्या पाहुण्यांना लॉरी सांगून टाकली. खंडोजीराव गप्प बसले. पुढे मुलानं, गिरीराजनं, नवी कार घेतली आणि कौतुकानं किल्ली त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा ‘मिलिटरीची गाडी चालवलेल्याला हे खेळणं नको’ म्हणून त्यांनी ती परत केली. कुटुंबाला तो केवढा रुबाब वाटला.

एवढंच असतं तर म्हातारपणी हसून सांगूनही टाकलं असतं. पण याखाली आणखी एक गोष्ट होती आणि तिची त्यांना खरोखरच भीती वाटायची. त्यांच्या खेचराचं नाव भाग्यलक्ष्मी होतं.

आधी खेचराचं. बायकोचं नंतर. बायको माहेरची कस्तुरी. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. वडिलांनी ‘शारदा’ ठरवलं होतं. अंगठी हातात आल्यावर खंडोजीरावांनी काय केलं, तर भाग्यलक्ष्मी लिहून मोकळे झाले. साक्षात देवीचं नाव म्हटल्यावर मांडवात सगळ्यांना आनंद झाला. कस्तुरीला तेवढा झाला नाही, तिला आपलं नाव फार आवडायचं, पण तिनं ते गिळलं. नवऱ्यानं देवीच्या भक्तीनं नाव दिलं, अशी तिनं समजूत करून घेतली आणि बावन्न वर्षं ती समजूत जपली. दर शुक्रवारी देवीपुढे दिवा लावताना ती हे भूमिकेला सांगायची, आणि खंडोजीराव तेवढ्यात चपला तपासायला बाहेर पडायचे.

तर अशा या सुरक्षित आयुष्यात संध्या आली. संध्या पुण्याची, इंदिरानगरात एका कंपनीत नोकरीला. इकडे वाढणाऱ्या पोरांना मराठी यावं म्हणून दर रविवारी राजाजीनगरच्या मंडळाच्या हॉलमध्ये वर्ग घेते. भूमिका त्या वर्गातली. डिसेंबरात विजय दिवसाच्या निमित्तानं कुणी युद्ध पाहिलेला माणूस पोरांना भेटवावा असं संध्याच्या मनात आलं, आणि भूमिकेनं हात वर केला. माझे अज्जा युद्धात लॉरी चालवत होते.

संध्या घरी आली, ‘काका, मुलांना रिअल हीरो बघू दे ना,’ म्हणाली, भाग्याक्कांच्या हातचे कोडबळे खाऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर निमंत्रण आलं. त्यावर खंडोजीरावांचा फोटो आणि शेजारी हिरवी लॉरी.

खंडोजीरावांनी फोन पालथा ठेवला. भाग्याक्का मात्र हरखून गेल्या. इतकी वर्षं तोंड उघडलं नाहीत, आता तरी सांगा, मी पहिल्या रांगेत बसणार, म्हणाल्या. माहेरी, आनेकलच्या बहिणीलाही फोन झाला. आता आजारी पडायचीही सोय राहिली नाही.

शेवटी ते शेजारच्या भगवंतरावांकडे गेले. भगवंतराव सरकारी बसचे निवृत्त चालक, मनानं मोकळे आणि गुपिताला पक्के. लॉरीपुरतं खरं त्यांच्यापुढे ओकल्यावर रोज सकाळी पार्कात शिकवणी सुरू झाली. बाकावर बसून खंडोजीराव डाव्या पायानं क्लच दाबायचे, उजव्या हातानं हवेत गिअर टाकायचे. फिरायला येणारी माणसं थोडा वळसा घालून जायची. ‘स्वल्प उताराला दुसराच गिअर ठेवा अण्णा,’ असं भगवंतराव बजावायचे. आठवड्याभरात शिष्य तयार झाला.

रविवारी हॉल भरला. चाळीस पोरं सतरंजीवर, मागे खुर्च्यांवर आईबाप. पहिल्या खुर्चीत भाग्याक्का, हिरवं इरकल नेसून, शेजारी गुरुजी भगवंतराव. भूमिका पुढे बसून सगळ्यांकडे मालकिणीच्या नजरेनं बघत होती.

सुरुवात झकास झाली. थंडीत इंजिन कसं तापवायचं, घाटात ब्रेकवर पाय ठेवून का बसायचं नाही, खंडोजीरावांनी घडाघडा सांगितलं. भगवंतराव मान डोलावत होते. पोरं मात्र चुळबुळ करू लागली, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. गिअरची गोष्ट कोण किती वेळ ऐकणार?

तेवढ्यात प्रणिता नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं हात वर केला. पुढचे दोन दात पडलेले. आजोबा, तुम्ही कधी रस्ता चुकलात का, असं तिनं विचारलं.

हे पार्कात शिकवलेलं नव्हतं. आणि या प्रश्नाचं उत्तर खंडोजीरावांना इतकं नीट माहीत होतं की ते आपोआप बोलायला लागले.

चुकलो, म्हणाले. पूंछकडचे डोंगर, हाच महिना. वरच्या चौकीवर गोळ्या संपत आल्या होत्या आणि आम्ही पेट्या घेऊन चढत होतो. दुपारी असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. पुढची माणसं कुठे गेली कळेना. मी पुढे ओढतोय आणि लॉरी जागची हलेना.

इथं ते थांबले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, लॉरी थांबली, आणि पुन्हा थांबले. त्यांच्या डोळ्यांपुढे ती उभी होती, चारही पाय रोवून, कान मागे टाकून. तिचं श्रेय लोखंडाच्या खोक्याला द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. इतकी वर्षं गप्प राहणं जमलं होतं. हे जमेना.

“पोरांनो,” ते म्हणाले, “लॉरी नव्हती. लॉरी असती तर मी आज इथं नसतो. खेचर होतं.”

भगवंतरावांनी डोळे मिटून घेतले. गिरीराजनं आईकडे पाहिलं. आणि चाळीस पोरं एकदम सरसावून बसली, कारण खेचर ही काय चीज आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

मग खंडोजीरावांनी सगळं सांगितलं. ती हलेना म्हणून त्यांनी तिच्यावर ओरडून पाहिलं, मग दोर दुमडून तीन फटके मारले. ती मार खात उभी राहिली. थोड्या वेळानं धुकं विरलं, आणि दीड पावलावर रस्ताच नव्हता. कडा ढासळून खाली गेला होता. ते तिच्या गळ्यात पडून रडले, हेही त्यांनी लपवलं नाही. मग दोर सोडून दिला आणि तिच्या मागून चालत गेले. तिनं वळसा घालून वाट काढली, अंधाराच्या आत चौकी गाठली, आणि एकही पेटी पडली नाही. ते तीन फटके मला अजून आठवतात, म्हणाले.

पोरांचे प्रश्न थांबेनात. ती काय खायची? हरभरे, आणि माझ्या वाटणीचा गूळ. तिची काळजी कशी घ्यायची?

“नियम होता,” खंडोजीराव रंगात येऊन म्हणाले. “मुक्कामाला पोचलं की आधी तिला पाणी. मग खुर उचलून बघायचे, खडा अडकला असेल तर काढायचा. मग तिला खायला द्यायचं. तिनं पहिला घास घेतल्याशिवाय माणसानं जेवायचं नाही.”

बोलता बोलता त्यांची नजर पहिल्या खुर्चीकडे गेली. भाग्याक्कांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत होती: तांब्या, चपला, ताट. खंडोजीरावांच्या मिशीला घाम फुटला. आणि प्रणितानं, दुसरं काय विचारणार ती, पुन्हा हात वर केला.

“आजोबा, तिचं नाव काय होतं?”

सैन्यात तिला नुसता नंबर होता, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं, नंबर खुरावर डागलेला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

“भाग्यलक्ष्मी,” ते म्हणाले.

भूमिकेची मान गर्रकन मागे वळली. मागच्या खुर्च्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“लग्नात मला बायकोची काय ओळख होती?” खंडोजीराव आता फक्त पहिल्या रांगेशी बोलत होते. “एकदा बघितली होती, उप्पिट्टाची बशी घेऊन येताना. हातात अंगठी दिली आणि म्हणाले, नाव लिही. डोळे मिटून जिच्या मागनं जावं असं एकच नाव मला ठाऊक होतं. तेच लिहिलं.”

टाळ्या पडल्या, संध्यानं डोळे पुसले, पोरांनी खेचराची चित्रं काढायला घेतली. भाग्याक्का मात्र काही बोलल्या नाहीत. ऑटोतही नाही, घरी आल्यावरही नाही. साडी बदलून त्या मागच्या पायरीवर तुळशीकडे बघत बसल्या. खंडोजीराव दारात तांब्या घेऊन उभे राहिले आणि आता हा तांब्या द्यावा की देऊ नये हे त्यांना समजेना. बावन्न वर्षांत पहिल्यांदा त्या साध्या गोष्टीची त्यांना लाज वाटली.

“लाथ मारायची का ती?” भाग्याक्कांनी मागे न बघता विचारलं.

“हवालदाराला एकदा मारलेली. मला कधी नाही.”

“हं.” त्यांनी तुळशीचं एक वाळलेलं पान खुडलं. “आजपासून मला कस्तुरी म्हणायचं.”

“सरी,” खंडोजीराव म्हणाले. त्यांना ते कबूल होतं. याहून मोठी शिक्षा होईल अशी त्यांची अपेक्षा होती.

ते आत गेले, रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि सारू गरम केलं, एक ताट वाढलं आणि हाक मारली. कस्तुरी, जेवायला ये. उत्तर नाही. पुन्हा जरा मोठ्यानं. कस्तुरी. मागच्या पायरीवर भाग्याक्का निवांत बसलेल्या. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा शेजारच्या घरात पोचली, पण यांच्या कानांपर्यंत नाही. राग अजून गेला नाही असं समजून खंडोजीराव खचले. ताट थंड होत होतं. शेवटी त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “भाग्या!”

“आले,” भाग्याक्का म्हणाल्या आणि उठल्या.

उंबऱ्यात येऊन त्या थबकल्या. आपण काय केलं ते त्यांना कळलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की चौकटीला धरावं लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं पुसलं.

“आता कुठली कस्तुरी,” त्या म्हणाल्या. “ती हाकेला ओ पण देत नाही.”

मग त्या बसल्या. ताट त्यांनी खंडोजीरावांच्या पुढे सरकवलं. आज तुम्ही आधी जेवा, आता काही नियम राहिला नाही, म्हणाल्या. बायकोचा शब्द मोडायचा नाही म्हणून खंडोजीरावांनी मुद्द्याचा तुकडा तोडला, सारूत बुडवला, तोंडापर्यंत नेला. हात तिथंच राहिला. स्वल्प तरी खा, त्या म्हणाल्या. त्यांनी खरंच प्रयत्न केला. तोंड उघडेना.

मग भाग्याक्कांनी तो हात धरून आपल्याकडे वळवला, घास आपण खाल्ला आणि दुसरं ताट वाढायला घेतलं.