चढ डावीकडे होता

चाळिशीला टेकल्यावर मी कथक शिकायला लागले, तेव्हा आईने नागपुरातून फोनवर विचारलं, "काहून? ऑफिसात बसाले खुर्ची देत नाहीत का?" खुर्ची देत होते, तीच तर रड होती. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यातल्या एकीत दिवसभर एसीत बसून मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे आणि संध्याकाळी सुजलेले घोटे घेऊन सदाशिव पेठेतला क्लास गाठायचे.

क्लासच्या ताई माझ्याहून लहान. गुरू म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचे, वय म्हणून त्या मला. पायांचं काम मला जमायचं, घोडं अडायचं ते चक्करांपाशी. भिंतीवरच्या स्विचबोर्डावर नजर रोखून मी गिरक्या घ्यायचे, पण थोड्याच वेळात तो स्विचबोर्ड सगळ्याच भिंतींवर दिसायला लागायचा आणि मी शेजारणीच्या अंगावर. कार्यक्रम ठरला तसं ताईंनी सरळ सांगितलं, "शेवटची चक्करं घेऊन समेवर नीट उभ्या राहिलात तर पहिली ओळ. नाहीतर मागे, लहान मुलींबरोबर फूल व्हा." सम म्हणजे ताल जिथे येऊन टेकतो ती जागा. तिथे डुलून चालत नाही. आणि कार्यक्रमाला आई येणार होती. तिच्यासमोर मला फूल व्हायचं नव्हतं. मला उभं राहायचं होतं.

तेवढ्यात क्लासची फरशी उखडली. "पंधरा दिवसांत बसवतो" म्हणणाऱ्या गृहस्थाने त्यात अख्खा हिवाळा घालवला. ताई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, तोवर सुट्टीच्या दिवशी सकाळी टेकडीवर चला.

टेकडीवरच्या सपाट जागा हास्यक्लबवाल्यांनी आधीच धरून ठेवलेल्या. आमच्या वाट्याला मुरमाचा एक तिरका तुकडा आला. डावीकडे चढ, उजवीकडे उतार. अनवाणी पाय टाकला की खडे टोचायचे, आणि कितीही जोरात आपटला तरी मुरूम आवाज गिळून टाकायचा. चक्करांसाठी मी एका झाडावर नजर रोखली, तर वारा सुटला आणि झाडच डोलायला लागलं.

"अहो, त्याच्याकडे काय बघता, ते स्वतःच हलतंय," ताई म्हणाल्या. "पायाला विचारा."

पायाने उत्तर द्यायला महिना घेतला. पण दिलं. तळव्याखालचा चढ डावीकडे आला की तोंड समोर, हे डोळे मिटूनही कळायला लागलं. खाली घसरू नये म्हणून अंग आपणहून चढाकडे रेटायचं. खुर्चीने आखडलेली कंबर सुटली, घोट्यांची सूज उतरली. आणि एके सकाळी चक्करं संपली तेव्हा मी सरळ उभी होते. खात्री पटेना म्हणून परत घेतली, परत उभी. आनंदाने नुसती वेडी झाले होते मी. फिरायला आलेले एक काका थांबून म्हणाले, "पडणार असाल तर कडेला पडा, ही वाट आहे." मी त्यांनाही हसून नमस्कार केला.

कार्यक्रमाच्या दिवशी आई पहिल्या रांगेत येऊन बसली. आम्हाला आधी रंगमंचावर तालीम करायची होती, पण आमच्या अगोदरचं व्याख्यान काही संपेना. शेवटी थेट पडदाच उघडला. ताई डाव्या कडेला तबलजींशेजारी बसून बोल म्हणत होत्या. मी पहिल्या ओळीत, अगदी डावीकडची.

चक्करं सुरू झाली. पायाखाली चढ नव्हता, पण अंगाला कोण सांगणार? हिवाळाभर ते डावीकडे रेटत आलं होतं, तिथेही रेटत राहिलं. आणि माझं एकटीचंच नाही. अख्खी ओळ, एका लयीत, डावीकडे निघाली. लोकांना वाटलं मुद्दाम तसं बसवलंय, टाळ्या पडल्या. समेवर मी थांबले ती ताठ, केसभरही न हलता. फक्त ताईंच्या मागे, विंगेत. ताईंनी मान वळवून मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून गदगदा हसायला लागल्या.

घरी जाताना रिक्षात आई म्हणाली, "बाकीच्या दिसल्या. तू कुठी गेली होती? पडली असशील."

"नाही पडले."

"मले तं दिसलीच नाही."

तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. सगळं जमलं होतं, आणि जिला दाखवायचं होतं तिनेच ते पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावून घेऊन मी आईला टेकडीवर नेलं. "डोंगरावर नाचाले फरशी महाग झाली का," असं पुटपुटत ती चढली, ताईंना जय भीम करून एका दगडावर बसली. मी चपला काढल्या. मुरूम गार होता. ताईंनी बोल धरले, मी फिरले, तळव्याखाली चढ येत गेला, जात गेला. समेवर चढ डावीकडे होता आणि समोर आई.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"दिसली," म्हणाली. "पण अजून एकदा घे. आता नीट पाहतो मी."