राखेतलं बी

बायको गेली ती मार्गशीर्षात. नागली झोडून झाली होती, घर सारवून झालं होतं, आणि तिला ताप आला. जव्हारच्या दवाखान्यातून नाशिकला पाठवलं. नाशिकहून परत येताना मी गाडीत पुढे बसलो होतो, ती मागे होती, तोंडावर चादर ओढलेली. घाटात ड्रायव्हरने गाडी सावकाश घेतली तेव्हा मी सवयीने मागे वळून विचारलं, "मळमळतंय का?"

मी स्वतः जव्हार-मोखाडा जीप चालवतो. काही दिवसांत पुन्हा चालवायला लागलो. लोक म्हणाले, सावरला. मला हात आणि पाय हलवायचे माहीत होते, एवढंच. घरी आलो की चुलीपुढे बसून राहायचो. मुलगी जव्हारला वसतिगृहात राहते, ती शनिवारी येऊन भांडी घासायची आणि विचारायची, "बाबा, काल जेवलात का?" मी हो म्हणायचो.

आमच्याकडे दिवस लगेच घालत नाहीत. कामं उरकली, पाहुण्यांना सवड झाली, की मग सगळ्यांना बोलावून गेलेल्या माणसाला निरोप देतात. तिचा दिवस आम्ही माघात घातला. वांगणीहून तिची धाकटी बहीण आली, भाऊ आला, पाडा लोटला. माझ्या अंदाजापेक्षा माणसं जास्त झाली. अशा वेळी अंदाज कायम तीच करायची.

दुपारी पीठ संपलं, खायची नागली सगळी आधीच दळून झाली होती. तिचा भाऊ पंगतीत बसून मोठ्याने म्हणाला, "दाजी, आमची बहीण होती तंवर या घरात भाकर कधी मोजून नाय मिळाली!"

लोक हसले. त्याने चेष्टेत म्हटलं असेल. माझ्या कानशिलात आग उठली. मी आत गेलो, माळ्यावर चढलो. मोठी कणगी भात काढून रिकामीच होती. कोपऱ्यात एक मडकं होतं, तोंड शेणाने लिंपलेलं. मी ते खाली आणून फोडलं, म्हणजे लिंपण फोडलं. आत नागली होती.

भाकऱ्या थापायला बसलेल्या काकीने त्यात हात घातला आणि बोटं माझ्यापुढे धरली. राखाडी झाली होती.

"राख हाय रं यात. हा बी हाय, खायाचा नाय."

आमच्या भागातल्या लहान पोरालाही हे कळतं. किडा लागू नये म्हणून राख बियालाच लावतात, खायच्या दाण्याला नाही. मलाही कळलं. बायको दरवर्षी कापणीआधी शेतात एकटी फिरायची, चांगली कणसं निवडून कंबरेच्या ओच्यात टाकायची. हे बी तिने माहेरून आणलेलं, तिच्या आईचं. काळपट, लवकर येणारं, डोंगराच्या उतारावरही तग धरणारं.

"चाळून घ्या आणि दळा," मी म्हणालो.

"अरं, पुढल्या साली काय पेरशील?"

"कोण पेरणार आहे आता? दळा."

पाहुण्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून मी तसं केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. ती गेल्यावर तिचं काही उगवावं हेच मला सहन होत नव्हतं. सगळं एकदाचं संपावं असं वाटत होतं.

काकीने चाळणी ओढली. नागली चाळली, गिरणीतून दळून आणली. गरम भाकरी माझ्या पानात पडली. ती गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. मागून घेऊन जेवलो.

चैत्रात मुलगी सुट्टीला आली. तिने आईसारखा पालापाचोळा गोळा केला, शेण पसरलं, रोपं करायच्या तुकड्यावर ते जाळून राब भाजला. संध्याकाळी काळ्या हातांनी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आईचं बी कुठे ठेवलंय? माळ्यावर सापडत नाही."

मी म्हणालो, "मावशीकडे आहे. आणतो."

मी खोटं बोललो, पण आशेनेही बोललो. बायको बहिणीला बी द्यायची हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी भाडं सोडून वांगणीला गेलो. मेहुणी ओट्यावर मोहाची फुलं निवडत होती. मी बी मागितलं तेव्हा ती हसली.

"माझ्याकडं कुठला, दाजी? आम्ही वीटभट्टीवर गेलो, जमीन पडीक ऱ्हायली. मीच ताईकडं मागणार होते या साली. तुमच्या घरात नाय?"

मी खाली बघत राहिलो. तिचे हात थांबले.

"दिवसाची भाकर," ती हळू म्हणाली. "मी घरी येऊन यांना सांगितलं, आज आईच्या हातची चव आली. मला वाटलं, रडून रडून तसं लागलं असंल."

ती पुन्हा फुलं निवडायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना तिने पाणी दिलं, ते माझ्याच्याने प्यायलं गेलं नाही.

परतताना जव्हारच्या बाजारातून बियाण्याची पिशवी घेतली. मुलीने पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही पण खाल्लं?" मी हो म्हणालो. ती आत निघून गेली.

पिशवीतलं बी उगवलं. पीक बरं आलं, शेजारी कौतुक करून गेले. मला त्या शेतात पाऊल टाकवत नव्हतं, तरी टाकत होतो. कापणीआधी मुलगी एकटी शेतात फिरली आणि ओढणीत कणसं घेऊन आली. झोडून, पाखडून तिने दाणे त्याच मडक्यात भरले. चुलीतली थंड राख सुपात घेतली आणि तिथेच थांबली.

कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी आपणहून बोलली.

"बाबा, आई राख किती घालायची?"

इतकी वर्षं तिची आई माझ्यासमोर, याच चुलीपाशी बसून राख कालवायची. मी तिथेच चहा पीत बसलेला असायचो.

मला माहीत नव्हतं.